थोरल्या जावयाची जागा

या वर्षी बुद्धपौर्णिमेला, दुपारच्या जेवणानंतर, अकोल्याच्या घरी माझ्या सासऱ्यांनी पत्ते वाटणे सोडले. त्या घरात पोकर सुरू झाल्यापासून त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी पत्ते वाटले नव्हते. यापुढे पत्त्यांचा कॅट दोन जावयांपैकी एकाच्या हाती जाणार, हे आदल्या दिवाळीपासून सर्वांना माहीत होते. थोरला जावई मी. धाकटा माझा साडू. मला तो कॅट हवा होता, आणि साडूला तो मिळू नये हे त्याहून जास्त हवे होते.

पोकर घरात आणला मेव्हण्याने. तो पुण्याला नोकरी करतो. एका दिवाळीला तो प्लॅस्टिकच्या चकत्यांची पेटी घेऊन आला, चार दुपारी सर्वांना शिकवत बसला आणि परत गेला. त्याआधी त्या घरात तीनपत्ती चाले. सासूबाईंची अट तेव्हाही होती आणि पुढेही राहिली: घरात पैसा लावायचा नाही. चकत्यांना घरात कॉइन म्हणत. संध्याकाळी त्या पेटीत परत जात आणि पुढच्या खेळाला पुन्हा सर्वांना सारख्या मिळत.

मेव्हणा गेल्यावर खेळात तीनपत्तीच्या सवयी शिरल्या. प्रत्येक डावाला सर्वांनी एकेक कॉइन बूट म्हणून मध्ये टाकायची, ही एक. फुकट थांबणे नाही, चाल टाका नाहीतर पॅक करा, म्हणजे पत्ते खाली ठेवा, ही दुसरी. तिसरी सवय वाटण्याची. तीनपत्ती होती तेव्हाही पत्ते मामाजीच पिसत आणि मामाजीच वाटत. सासऱ्यांना आम्ही दोघेही मामाजी म्हणतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस घरात फारसे बोलत नसे; पत्ते वाटताना मात्र प्रत्येकाच्या पुढ्यात पत्ता पडला की त्या माणसाला उद्देशून काहीतरी बोले. पेटीत एक मोठी पांढरी चकती जास्तीची होती, तिच्यावर इंग्रजी डी छापलेला होता. ती कशासाठी हे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. साडूच्या मुलीने ती भातुकलीत ताटली म्हणून घेतली.

बसण्याची जागाही ठरलेली होती. मामाजी दिवाणाच्या टोकाला. त्यांच्या डाव्या हाताला मी. जेवताना थोरला जावई सासऱ्याच्या डाव्या हाताला बसतो आणि वाढायला त्याच्यापासून सुरुवात होते. पत्ते वाटायलाही तशीच सुरुवात झाली. माझ्यापुढे माझी बायको, तिच्यापुढे शेजारचे निवृत्त एसटी कंडक्टर, ज्यांना सगळे काका म्हणतात, आणि शेवटी, मामाजींच्या उजव्या हाताला, साडू. धाकटी मेव्हणी, म्हणजे साडूची बायको, पत्त्यांना हात लावत नसे.

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त त्यानेच पाहायचे. मग बोली होते. मग मध्ये तीन पत्ते उघडे टाकतात, पुन्हा बोली. मग एक, पुन्हा बोली. मग शेवटचा एक. दर वेळी बोलायला सुरुवात वाटणाऱ्याच्या डाव्या हाताच्या माणसापासून होते. अकोल्याच्या घरी तो माणूस दर डावाला मी होतो. शेवटी मामाजी. पण मामाजींना खेळण्यापेक्षा वाटण्यात रस होता. दोन पत्ते पाहून ते बहुतेक वेळा खाली ठेवून देत. त्यामुळे शेवटचा शब्द साडूचा राही.

साडू जिंकत असे. दर वेळी नाही, पण इतक्या वेळा, की त्याची घरात बातमी राहिली नव्हती. हातात सत्ती-अठ्ठी घेऊन तो सरळ, म्हणजे सलग पाच पत्ते, लावी, छोट्या जोडीवर तिसरा पत्ता मिळवी, काहीच नसताना दुप्पट चाल टाकून काकांना घाबरवी. मामाजी मान हलवत म्हणत, "डॉक्टरले समजते बावा."

साडू दातांचा डॉक्टर आहे. दवाखाना अकोल्यातच, सासऱ्यांच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. मी अमरावतीच्या एका दैनिकात डेस्कवर आहे. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी आम्ही नवरा-बायको बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जात असू. पोचेपर्यंत साडू तिथे आलेला असे. त्याची मोटार फाटकाशी उभी दिसे. घरात शिरताच सासूबाई पहिले वाक्य म्हणत ते त्याच्याबद्दल असे: डॉक्टरांनी कूलरची मोटर बदलून आणली, डॉक्टर यांना तपासायला घेऊन गेले, डॉक्टरांनी सकाळीच आंबे पाठवले. मामाजींच्या हाताला कंप सुटला आहे हे त्याला आमच्या आधी कळले. ते मला साडूच्या तोंडून कळले, हे मला त्या आजाराहून जास्त लागले.

दिवाळीत कंप इतका वाढला की वाटताना पत्ता उलटा पडू लागला. एकदा पडला, दुसऱ्यांदा पडला, तेव्हा मामाजींनी कॅट मांडीवर ठेवला.

"पौर्णिमेपर्यंत वाटतो मी," ते म्हणाले. "मंग ज्याले खेळ समजते त्याच्या हाती देतो."

"कोणती पौर्णिमा?" काकांनी विचारले.

"आपली. बुद्धपौर्णिमा. आणखी कोणती?"

"मंग मले देऊन टाका. जिंदगीभर तिकिटं वाटली, पत्ते काय जड जातीन?"

"तुमी सुट्टे परत देत नव्हते काका," माझी बायको म्हणाली. सगळे हसले. साडूही हसला. मी मामाजींकडे पाहिले. ते साडूकडे पाहत होते.

मानाने कॅट माझा होता, खेळाने त्याचा. मामाजींनी मान हा शब्द उच्चारला नव्हता.

संक्रांतीच्या सुमारास मी हा विषय कार्यालयात काढला. आमच्याकडे क्रीडा पान पाहणारा सहकारी मोबाइलवर पोकर खेळतो. राजकमल चौकाजवळच्या टपरीवर चहा घेताना मी त्याला विचारले, की दोन वर्षे एकच माणूस सारखा कसा जिंकतो.

"पत्ते कोण वाटते?" त्याने विचारले.

"सासरे."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"आन् तू कुठं बसते?"

"त्यांच्या डाव्या हाताला."

त्याने चहाचा ग्लास फळीवर ठेवला. "मंग तू मरत नाई तं काय होईन? अरे, वाटणारा दर डावाले बदलते. वाटप फिरते, म्हणून जागा फिरते. तुले त्यायनं दोन वर्षांपासून पयलेच बोलाले बसवून ठेवलं."

"मानाची जागा आहे ती."

"असन. पोकरात ती सगळ्यात वाईट जागा हाय."

मग त्याने समजावून सांगितले. पहिला बोलतो त्याला कोणाचेच काही माहीत नसते. मागे चार जण बसलेले असतात, त्यांच्यातल्या कोणाकडेही त्याच्याहून मोठे असू शकते. म्हणून त्या जागेवरून खेळायचे तर फक्त मोठे: एक्क्यांची जोडी, राजांची, राण्यांची, फार तर गुलामांची, एक्का-राजा. बाकी सगळे खाली ठेवायचे. मधल्या जागेवर थोडे सैल. शेवटी बसलेल्याने आधीच्या सर्वांना बोलताना पाहिलेले असते. कोणी पॅक केले, कोणी अडखळत लावले, हे त्याला माहीत असते. त्याला छोटी जोडी चालते, एकाच रंगाची सत्ती-अठ्ठी चालते, एक्क्यासोबत त्याच रंगाची तिर्रीही चालते.

"म्हणजे साडूला खेळ समजतो असं नाही," मी म्हणालो.

"ते मले काय माहीत? जागा चांगली हाय त्याची, एवढं नक्की."

मला एवढे पुरेसे होते. त्या रात्री छपाईला पान सोडताना मी एका बातमीचे शीर्षक दोनदा चुकवले.

वाटप फिरले पाहिजे, हे अकोल्यात सांगायचे तर मामाजींच्या हातातून कॅट मागण्यासारखे होते. तो कंप सुटलेल्या हातातून मागणे मला जमले नसते. जागा बदला म्हणायचे तर थोरल्या जावयाने आपणहून मान सोडला असे झाले असते, आणि तिथे साडू बसला असता. उरला तिसरा मार्ग. त्याच जागेवर बसायचे आणि सहकाऱ्याने सांगितले तेवढेच पत्ते खेळायचे.

पुढच्या रविवारी मी तसे केले. पहिल्या डावाला राजा-दश्शी आली, वेगवेगळ्या रंगांची. एरवी मी लावले असते. पॅक केले. मग एक्का-छक्की. पॅक. मग चौक्यांची जोडी. ती ठेवताना हात जड झाला, पण ठेवली. मग राणी-नश्शी, मग दुर्री-पंजी.

"पयल्याच थांब्यावर उतरून रायले जवाई," काका म्हणाले.

"पत्ते खराब येऊन रायले का?" मामाजींनी विचारले.

"नाही मामाजी. थांबलोय."

"कावून?"

 मी पुन्हा पॅक केले. बायकोने माझ्याकडे वळून पाहिले. आतून सासूबाईंनी कोणाला तरी विचारले, "जेवले ना ते बरोबर?" थोड्या वेळाने माझ्या एकट्यापुढे चिवड्याची बशी आली.

दुपार कलायला लागली तेव्हा मला दोन राण्या आल्या. मी दुप्पट चाल टाकली. बायकोने लगेच पत्ते ठेवले. काकांनी ठेवले. साडूने आपले पत्ते पाहिलेच नाहीत; माझ्याकडे पाहिले, हसला आणि न पाहिलेले पत्ते तसेच पुढे सरकवले.

"भाऊ बोलले म्हणजे काईतरी मोठं हाय," तो म्हणाला.

मामाजींनीही पत्ते ठेवले आणि मला बुटाच्या पाच कॉइन मिळाल्या. त्यातली एक माझीच होती.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आले तेव्हा बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "काय झालं ते सांगून टाका. बाबाचं काई चुकलं का?"

"पत्ते नव्हते हातात."

"दोन वर्षं तं होते."

सासरी जेवण अर्धवट टाकून उठणे आणि डावामागून डाव पत्ते खाली ठेवणे, यांत अकोल्याच्या घराला फरक दिसला नव्हता. थोरले जावई रुसले, असा निष्कर्ष निघाला. मामाजींनी त्या आठवड्यात मुलीला फोन करून विचारले, काय कमी पडले. सासूबाईंनी विचारले, मागच्या लग्नातल्या आहेराचे काही मनात आहे का. बायको दोघांनाही नाही म्हणत राहिली आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे पाहत राहिली. मी पुढचे दोन रविवार पोकरला बसलो, तसाच खेळलो, आणि दोन्ही वेळा आदल्याहून जास्त वाढले गेले. एका दुपारी तर मामाजी मला पत्ते टाकताना नेहमीचे बोलणेही बोलले नाहीत. "घ्या," एवढेच म्हणाले.

मार्चमध्ये साडू अमरावतीला आला. आमच्याकडे येण्याशिवाय त्याला त्या दिवशी अमरावतीत दुसरे काम नव्हते, हे त्याने लपवले नाही. सासूबाईंनी कुरडया आणि माझ्यासाठी शर्टाचे कापड पाठवले होते. रुसलेल्या जावयाची समजूत काढायला सासऱ्याने धाकट्या जावयाला पाठवले होते. त्याची मोटार आमच्या गल्लीत वळत नव्हती, म्हणून त्याने ती तोंडाशी लावली, आणि पिशवी घेऊन चालत येताना शेजारच्या दोन घरांशी त्याची ओळखही झाली. बायकोने चहाबरोबर आलूबोंडे तळले. माझ्यासाठी रविवारी ती आलूबोंडे तळत नाही.

"ताई, तुमच्या हातचे आलूबोंडे खाल्ले म्हणजे पेशंट कमी होतीन माये," तो म्हणाला. "मऊ आहेत. दात लागत नाईत."

"म्हणजे तोटाच," बायको म्हणाली आणि हसत आत गेली.

ती आत गेल्यावर तो खुर्ची पुढे ओढून बसला. "भाऊ, मामाजी झोपून नाई रायले बरोबर. काय राग हाय ते मले सांगा. माया असन तं मले सांगा."

"राग नाही. पत्ते येत नाहीत."

"ते खरं नाई. येतात. तुमी ठेवून देता."

मी त्याला उलट विचारले. हे माझ्या कामातले आहे; समोरचा काय जाणतो हे आपण काय जाणतो ते न सांगता काढून घ्यायचे. विचारले, की तो कोणते पत्ते खेळायचे हे कसे ठरवतो. तो जरा ओशाळला.

"मी काय ठरवतो? मी माये पत्ते पायतच नाई पयले. आधी तुमचं तोंड पायतो. मंग ताईचं. मंग काकाचं. तिघायचं झालं म्हणजे मंग माये उचलतो. खुर्चीत पेशंट बसला म्हणजे एक्स-रे नंतर, पयले तोंड. सवय हाय."

"आणि माझ्या जागेवर असतास तर?"

"तुमचं कठीण हाय भाऊ." त्याने हे माझ्याकडे न पाहता म्हटले. "तुमाले पायाले कोणीच नसते. मी असतो तिथं तं मी बी ठेवूनच देले असते."

त्याला माहीत होते. किती माहीत होते हे मी आणखी विचारू शकलो असतो. तेवढ्यात बायको चहाचे दुसरे कप घेऊन आली. त्याला माझी कीव आली होती, आणि ती खरी होती, असे मला वाटले. त्याने ती कीव दाखवायला नको होती. तो गेल्यावर बायको दारातून मागे वळून म्हणाली, "किती गुणाचा हाय." शर्टाचे कापड चांगले होते. ते अजून शिवलेले नाही.

एप्रिलमध्ये निवडणुकीचे काम होते, म्हणून जाणे झाले नाही. त्या काळात मी घरी एकटा असताना एक कॅट घेऊन बसे. पाच जणांचे पत्ते वाटी, उलटे ठेवी, आणि साडूच्या जागेवर बसून पाही की तिथून किती खेळता आले असते. बरेच खेळता आले असते. माझी दुर्री-पंजी माझ्या जागेवरच राहायची. बायकोने एकदा पाहिले.

"कोणाशी खेळून रायले?"

"कोणाशी नाही."

"मंग पाच जणाले कावून वाटले?"

बुद्धपौर्णिमेला आम्ही सकाळीच पोचलो. वंदना झाली, खीर झाली, आमरस-पोळ्या झाल्या. जेवताना मी मामाजींच्या डाव्या हाताला होतो. वाढायला माझ्यापासून सुरुवात झाली. कूलरमध्ये साडूने सकाळीच पाणी भरले होते, असे सासूबाईंनी सांगितले. मग ताटे उचलली गेली, पडदे ओढले गेले आणि पेटी निघाली.

मामाजींनी कॅट हातात घेतला. पिसताना तो दोन भागांत नीट शिरेना. तिसऱ्या खेपेला एक पत्ता निसटून उलटा पडला, चौकटची नश्शी. त्यांनी तो उचलला, परत घातला आणि कॅटच्या कडा दिवाणावर आपटून सारख्या केल्या.

"आता पुरे," ते म्हणाले.

त्यांनी हात उजवीकडे केला. "घ्या डॉक्टर."

साडूने घेतला नाही. माझ्याकडे पाहिले. "भाऊ मोठे आहेत मामाजी."

"मोठे आहेत तं त्यायची जागा आहे ना ही. ती कोण काढून रायलं?" मामाजी म्हणाले. "खेळ तुमाले समजते. घ्या."

साडूने कॅट घेतला. काकांनी टाळी वाजवली. माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिले नाही.

तेव्हा मी म्हणालो, की पोकरमध्ये एकच माणूस वाटत नाही. दर डावाला वाटणारा बदलतो, कॅट डावीकडे सरकतो, आणि म्हणून पहिला बोलणाराही बदलतो. हे मी सरळ, बातमी वाचल्यासारखे सांगितले. आवाज चढला नव्हता. 

"कोणी सांगतलं?" मामाजींनी विचारले.

"नियम आहे मामाजी."

"तुमचा का खेळाचा?"

यावर काकाच बोलले. "पोराले फोन लावा ना. त्यानंच आणला हा खेळ."

बायकोने भावाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मेव्हणा पुण्यात जेवत होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "हो बाबा, फिरते वाटप. तेव्हा सांगतलं होतं ना मी? पेटीत पांढरी मोठी चकती होती, डी लिहिलेली. ती ज्याच्यापुढं तो वाटणारा. कुठं गेली ती?"

धाकटी मेव्हणी आतल्या दारातून म्हणाली, "तिच्यावर पोरगी जिलेबी वाढते."

फोन बंद झाला. मामाजींनी साडूकडे तोंड केले. "तुमाले मालूम होतं?"

"होतं मामाजी. पयल्या दिवाळीपासून."

"मंग?"

"तुमी वाटत होते ना."

मामाजी माझ्याकडे वळले. "आन् तुमाले?"

"संक्रांतीपासून."

"म्हणजे रुसले नव्हते तुमी."

"नाही."

"पत्ते ठेवत होते ते याच्यासाठी."

"हो."

"तवा नाई बोलले." त्यांनी हे विचारले नाही. आपला उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला. "दोन वर्षं मान म्हणून बसवलं तुमाले इथं. पयले बोलाले लावून लुटवून घेतलं मीच. आन् तुमी आज बोलले. कॅट त्यायच्या हाती गेल्यावर."

काकांनी बुटाची कॉइन बोटांत फिरवली.  शेवटी मामाजीच म्हणाले, "बरं. फिरू द्या मंग. वाटा डॉक्टर."

पहिला डाव साडूने वाटला. त्याच्या डावीकडे मामाजी होते, म्हणून पहिले बोलले मामाजी. त्यांनी पत्ते पाहून ठेवले. दुसरा मी. राजा-गुलाम होता, ठेवला. तो डाव बायकोने जिंकला. मग साडूने कॅट मामाजींपुढे ठेवला. मामाजींनी तो उचलला, न पिसता दुसऱ्या हातात घेतला आणि माझ्या हाती दिला. माझ्या हाताला त्यांची बोटे लागली. ती थरथरत होती.

मी पिसले आणि वाटले. आता शेवटी मी बोलणार होतो. बायकोने पॅक केले. काकांनी अडखळत एक चाल टाकली. साडूने पत्ते उचलले आणि लगेच ठेवले.

"आज माई गाडी डेपोतच," तो म्हणाला. काका हसले. मामाजीही हसले. त्यांनीही पत्ते ठेवले.

माझ्याकडे किलवरची सत्ती-अठ्ठी होती. मी काकांच्या चालीबरोबर गेलो. मध्ये नश्शी, दश्शी आणि एक चौकी पडली, मग छक्की. सलग पाच झाले. डाव मी घेतला. "वा," मामाजी म्हणाले.

कॅट फिरत राहिला. मामाजींची पाळी आली की ते तो न वाटता माझ्याकडे देत, म्हणून मला दोनदा वाटायला मिळे आणि दोन डाव माझा शब्द शेवटचा राही. साडूला एकदाच. पहिले बोलायची पाळी आली की तो पत्ते ठेवून देई, आणि ठेवताना काहीतरी बोले. काकांच्या थांब्यावरून, कूलरवरून, नाहीतर स्वतःच्या नशिबावरून. मधेच उठून त्याने सगळ्यांना पाणी दिले. तो लागोपाठ चार डाव पॅक करत होता तेव्हा सासूबाईंनी आतून त्याच्यासाठी चिवडा पाठवला नाही. कोणी त्याला तब्येत विचारली नाही. पाचव्या डावाला तो तिसरा बोलणारा होता, तिथून त्याने दुप्पट चाल टाकली. मी शेवटचा होतो. माझ्याकडे एका रंगाचे एक्का-पंजी होते, आणि त्या जागेवरून ते खेळण्याजोगे होते. मी गेलो. त्याच्याकडे दोन राजे निघाले, डाव त्याने घेतला.

ऊन उतरल्यावर चहा आला. कॉइन पेटीत भरण्याआधी, नेहमीप्रमाणे, प्रत्येकाने आपापली थप्पी रचली. सर्वांत उंच थप्पी साडूची होती. दुसरी माझ्या बायकोची. तिसरी माझी.